बाकीचं काम कोणाचं?

अमेरिकेत १८८८ साली पंचवीस डॉलरला एक लहानशी चौकोनी पेटी मिळू लागली. शंभर फोटोंचा रोल तिच्यात कारखान्यातूनच भरून यायचा. फोटो काढून झाले की गिऱ्हाइकानं रोल बाहेर काढायचा नाही, अंधारी खोली शोधायची नाही, रसायनांना हात लावायचा नाही. अख्खी पेटीच रॉचेस्टर गावी पाठवून द्यायची. तिथले लोक दहा डॉलर घेऊन रोल धुवायचे, फोटोंच्या अडीच इंच व्यासाच्या गोल प्रिंट काढायचे, पेटीत नवा रोल भरायचे आणि सगळं घरपोच परत करायचे. पेटीचं नाव कोडॅक, कर्ता जॉर्ज ईस्टमन, आणि जाहिरातीतलं वचन असं, की बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो.

यातलं 'बाकीचं' फार मोठं होतं. ईस्टमनच्या आधी फोटो काढणारा माणूस अर्धा रसायनशास्त्रज्ञ असायचा. काचेच्या प्लेटा, तिवई, बाटल्या, काळं कापड असा संसार घेऊन तो हिंडायचा. ईस्टमननं ते सारं काम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरवून कारखान्यात नेलं. १९०० साली ब्राउनी नावाचा एक डॉलरचा कॅमेरा आला आणि पोरंटोरंही फोटो काढू लागली.

फिल्म बरी की डिजिटल, या वादात बहुतेक लोक कॅमेऱ्याबद्दलच बोलतात. पण ज्याला घरचे फोटो काढायचे आहेत आणि त्यांच्या चार प्रिंट अल्बममध्ये लावायच्या आहेत, अशा साध्या हौशी माणसाच्या दृष्टीनं पाहिलं, तर सोयीचा प्रश्न बटण दाबल्यानंतर सुरू होतो. पुढचं काम कोण करतं, कधी करतं आणि न केल्यास काय होतं, हे त्याच्यासाठी महत्त्वाचं.

आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच, तर तो बहुधा आगफा क्लिक थ्री असे. बडोद्याला तयार होणारा, हलका, बिघडायला फारसं काही नसलेला. १२० नंबरच्या रोलवर बारा फोटो. मागच्या बाजूला लाल काचेची बारीक खिडकी, तीत पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. विसरलं की मामाच्या पोटात ताजमहाल. निगेटिव्ह सव्वादोन इंच चौकोनी असल्यामुळे स्टुडिओवाले ती थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची प्रिंट देत. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे लावून बसवलेले, पांढऱ्या कडांचे ते चौकोनी फोटो अजून बऱ्याच कपाटांत सापडतात.

मग छत्तीसचा रोल आला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हॉटशॉट, याशिका एमएफ-टू, कोडॅकचा केबी-टेन असे कॅमेरे लग्नाच्या आहेरात येऊ लागले. छत्तीस फोटो एका वेळी संपवण्याची ऐपत फार थोड्यांची, म्हणून एकच रोल गणपतीत भरला जाई, दिवाळीत पुढे सरके आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत पुरे. शेवटचे दोन-तीन फोटो उरले की ते 'संपवायचे' म्हणून तुळशीवृंदावन, नवी स्कूटर, शेजारचं बाळ यांची वर्णी लागे. या काटकसरीत एक गोष्ट नकळत होत होती, ती म्हणजे निवड. प्रत्येक फोटोला रोलची, धुण्याची आणि प्रिंटची किंमत होती आणि फोटो बिघडला तरी पहिल्या दोन किमती सुटत नव्हत्या. त्यामुळे कोणाचा काढायचा, कुठे उभं राहायचं, डोळे मिटले नाहीत ना, हा सगळा विचार बटणाआधी होई. बटणानंतर घरच्या माणसाला करण्यासारखं एकच काम उरे: रोल नेऊन देणे.

रोल दिल्यावर काय व्हायचं, ते जरा जवळून पाहू. आधी रंगीत रोल गावातला स्टुडिओवाला गोळा करून मोठ्या शहरातल्या कलर लॅबकडे पाठवायचा आणि फोटो यायला आठवडा लागायचा. जपानच्या नोरित्सु कंपनीनं १९७६ मध्ये दुकानातच मावेल असं, रोल धुण्यापासून प्रिंटपर्यंत सगळं करणारं यंत्र काढलं. तशी यंत्रं हळूहळू आपल्याकडे आली आणि बाजारपेठांत 'एका तासात फोटो'च्या पाट्या झळकू लागल्या. रंगीत रोल धुण्याची सी-४१ नावाची पद्धत जगभर एकच होती. पहिल्या द्रावणाचं तापमान ३७.८ अंश सेल्सियस, वेळ सव्वातीन मिनिटं. तापमान थोडंसं हललं तरी रंग बिघडतात, म्हणून यंत्राची सारी हुशारी ते स्थिर ठेवण्यात खर्च व्हायची. मग ब्लीच, फिक्सर, शेवटचं स्थिरीकरण, सुकवणं. बाहेर यायची ती नारिंगी झाक असलेली पट्टी, जिच्यात आजीचे केस काळे आणि साडी उलट्याच रंगाची.

खरी कारागिरी पुढे होती. प्रत्येक निगेटिव्हला किती प्रकाश द्यायचा आणि त्यात लाल, हिरवा, निळा किती, हे यंत्र एका ढोबळ गृहीतकावर ठरवायचं. फोटोतले सगळे रंग एकत्र मिसळले तर सरासरी राखाडी येते, असं ते गृहीतक. बागेत काढलेल्या सामान्य फोटोला ते चालतं. पण मराठी लग्नात लाल-पिवळ्याचा सुकाळ. शालू, अक्षता, अंतरपाट, झेंडू यांनी चौकट भरली, की यंत्राला वाटे फोटो चुकून लाल झालाय, आणि ते लाल कमी करायला जाई. परिणामी नवरी निळसर, आजारी दिसू लागे. तिथे लॅबमधला पोरगा कामाला येई. निगेटिव्ह डोळ्यांपुढून सरकताना तो बोटांनी दोन-तीन कळा दाबून यंत्राचं मत फिरवी. चांगल्या लॅबची ख्याती त्याच्या बोटांवर असे, आणि गिऱ्हाईक मात्र कॅमेऱ्याची तारीफ करी.

रंगीत निगेटिव्ह फिल्म स्वभावानं क्षमाशील असते. फोटोत गरजेपेक्षा दुप्पट-चौपट प्रकाश गेला तरी आजोबांच्या पांढऱ्या फेट्याच्या घड्या निगेटिव्हमध्ये शाबूत राहतात आणि लॅबवाला त्या प्रिंटमध्ये आणू शकतो. म्हणजे ज्याला छिद्र आणि वेग यांतलं काही कळत नाही अशा माणसाच्या चुका सावरण्याची सोय फिल्ममध्येच होती.

आता दुसरी बाजू. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर नोंदवायला तेवीस सेकंद. फोटो बघायचा तो टीव्हीच्या पडद्यावर. कागदाचा यात कुठे संबंधच नव्हता, आणि माझ्या मते पुढच्या साऱ्या गोष्टीचं बीज इथेच आहे. फिल्मवर फोटो बघायचा तर कागदापर्यंत जावंच लागे. प्रिंट ही वाटेतली पायरी होती, टाळता न येणारी. डिजिटलमध्ये फोटो आधीच दिसलेला असतो. प्रिंट काढायची तर ती वेगळी इच्छा, वेगळी खेप, वेगळा खर्च.

डिजिटल कॅमेरे घराघरांत शिरले तेव्हा हिशोब सरळ दिसत होता. रोल नाही, धुणं नाही, बिघडलेला फोटो जागीच पुसता येतो, पैसे फक्त आवडलेल्या प्रिंटचे. हे सगळं खरंच आहे. छत्तीस फोटोंतले वीस धड आले तर फिल्मवाला छत्तिसांचे पैसे मोजायचा, डिजिटलवाला विसांचे. पण छत्तिसांऐवजी साडेतीनशे फोटो निघू लागले आणि निवड बटणाच्या अलीकडून पलीकडे गेली. साडेतीनशेतून वीस काढायचे म्हणजे एका केक कापण्याचे चाळीस फोटो बघून कोणत्या एकात सगळ्यांचे डोळे उघडे आहेत ते शोधायचं. हे काम पूर्वी कोणालाच करावं लागत नव्हतं. आता ते घरच्या माणसाकडे आलं आणि सवड मिळाली की करू म्हणत राहून गेलं. ईस्टमननं गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरवलेलं ओझं डिजिटलनं पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवलं. रसायनं गेली एवढाच फरक.

सुरुवातीच्या काळात तर हे ओझं चांगलंच जड होतं. कार्डावरचे फोटो संगणकात घ्या, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर भरा, लॅबमध्ये न्या, आणि परतताना पेनड्राइव्हमधून लॅबचा व्हायरस घरी आणा. काहींनी घरीच प्रिंटर घेतले. घरच्या इंकजेटवर चार बाय सहाची प्रिंट निघते झकास, पण शाई आणि फोटो पेपर यांचा खर्च धरला तर ती लॅबपेक्षा महाग पडते. शिवाय महिनाभर प्रिंटर वापरला नाही की शाईची तोंडं सुकून बसतात आणि ती साफ करण्यातच आणखी शाई जाते. क्वचित प्रिंट काढणाऱ्यानं घरी फोटो प्रिंटर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे एक गंमत सांगायला हवी. 'फिल्मच्या प्रिंटची सर डिजिटलला नाही' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात फुजीसारख्या कंपन्यांनी लॅबसाठी जी नवी यंत्रं आणली, ती निगेटिव्ह स्कॅन करायची आणि मग लाल, हिरव्या, निळ्या लेसरनं फोटो कागदावर उतरवायची. म्हणजे २००३ सालच्या कितीतरी फिल्मच्या प्रिंट मुळात डिजिटल होत्या. उलट, तेच यंत्र कार्डावरचा डिजिटल फोटोही त्याच चांदीच्या क्षारांच्या कागदावर, त्याच रसायनांतून काढायचं. आजही काही लॅबमध्ये मोबाइलचा फोटो अशाच ओल्या रसायनी कागदावर निघतो, तर काही ठिकाणी शाईची कोरडी यंत्रं आली आहेत. कागदावर आल्यावर भांडणाचा मुद्दा बराचसा संपतो.

मग प्रिंट बिघडते कुठे? बहुतेक वेळा कॅमेरा आणि कागद यांच्या मधल्या प्रवासात.

पहिली गोष्ट ठिपक्यांची. चांगल्या प्रिंटला एका इंचात तीनशे ठिपके पुरतात. चार बाय सहा इंचाला त्या हिशोबानं १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. दोन मेगापिक्सेलच्या किंचित वर. आठ बाय बाराला ८६ लाख ४० हजार. आजचे बहुतेक स्मार्टफोन याहून जास्तच देतात. तेव्हा पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटसाठी पन्नास आणि एकशे आठ मेगापिक्सेलच्या जाहिरातींना भुलायचं काही कारण नाही.

पण फोनमधले ठिपके लॅबपर्यंत पोचतात का? आपण फोटो पाठवतो व्हॉट्सअॅपवर. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो तिथे आकसून लांबीला साधारण १६०० ठिपक्यांचा होतो. चार बाय सहाला तेवढ्यावर भागतं, सहा इंचांत १६०० म्हणजे इंचाला २६६. पण तोच फोटो आजीच्या पंच्याहत्तरीला आठ बाय बारा करून फ्रेम करायचा म्हटलं, की इंचाला १३३ उरतात आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या पुसट होतात. २०२३ मध्ये तिथे एचडीचा पर्याय आला, तो थोडा बरा. त्याहून बरं म्हणजे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडणं. तसा पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते. शिवाय लग्नाच्या ग्रुपवर चार जणांच्या हातून फिरत आलेला फोटो प्रिंटला कधी देऊ नये. ज्यानं काढला त्याच्याकडूनच मागून घ्यावा.

दुसरी गोष्ट आकाराची, आणि इथे फिल्म निर्विवाद सोयीची होती. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरचा फोटो ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे तीनास दोन. चार बाय सहा इंचाचा कागदही नेमका तीनास दोन. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी आणि त्यांच्या मागोमाग फोननी चारास तीन हे संगणकाच्या पडद्याचं प्रमाण घेतलं. असा फोटो सहा इंच रुंद केला, की त्याची उंची साडेचार इंच होते आणि कागद आहे चारच इंच. वरचा अर्धा इंच कुठेतरी छाटावाच लागतो. लॅबचं यंत्र वरून पाव, खालून पाव इंच कापतं. दोन ओळींत उभ्या केलेल्या कुटुंबाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या सर्वांत उंच काकांचं कपाळ आणि पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघे यातच जातात. दुकानदाराशी भांडून उपयोग नसतो, यंत्रानं सांगितलं तेवढंच केलेलं असतं. उपाय तीन आहेत. फोटो काढतानाच वरखाली मोकळी जागा सोडावी. किंवा 'पूर्ण फोटो घ्या, पांढरी पट्टी आली तरी चालेल' असं लॅबला सांगावं. किंवा सहा बाय आठची प्रिंट मागावी, ती चारास तीन असल्यामुळे काही कापलं जात नाही.

उरलेल्या तक्रारी लहान आहेत. फोनवर लखलखीत दिसणारा फोटो कागदावर काळवंडलेला का वाटतो? फोनचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद खोलीतला उजेड परतवतो, इतकंच. संध्याकाळच्या आणि मंडपातल्या फोटोंचा उजेड प्रिंटआधी थोडा वाढवावा. आयफोननं २०१७ पासून एचईआयसी नावाची फाइल वापरायला सुरुवात केली आणि पुष्कळ लॅबच्या जुन्या संगणकांना ती उघडतच नव्हती. फोनच्या सेटिंगमध्ये जेपेग निवडता येतं.

टिकण्याचं काय? फिल्मच्या बाजूनं बोलणारे निगेटिव्हचा दाखला देतात, आणि तो योग्य आहे. प्रिंट फाटली, हरवली, काकूंनी नेली, तरी निगेटिव्हवरून दुसरी कॉपी निघे. कोणताही पासवर्ड लागत नसे. मात्र रंगीत निगेटिव्ह आणि प्रिंट दोन्हींतले रंग हे सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि ते विटतात. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी रंगीत प्रिंट आज तांबूस झालेल्या दिसतात, त्याच घरातले त्याआधीचे काळे-पांढरे फोटो मात्र ठणठणीत. कोकणातल्या पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशीची नक्षी उमटते ती वेगळीच. आणि चिकट पानांवर प्लास्टिक दाबून लावायचे ते अल्बम तर फोटोंचे शत्रूच ठरले. गोंद फोटोच्या पाठीत मुरला, आता सोडवायला गेलं की कागदाचा पापुद्रा निघतो. असे अल्बम ओढून न सोडवता पानासकट स्कॅन करून घ्यावेत.

डिजिटलमध्ये फाइल विटत नाही, ती एकदम जाते. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, तर तीन वर्षं एका क्षणात नाहीशी होतात. गूगल फोटोजवर अमर्याद फुकट साठवण होती, ती १ जून २०२१ पासून बंद झाली आणि पंधरा जीबीची मर्यादा भरल्याचे इशारे येऊ लागले. त्या इशाऱ्यावर लोक पैसे भरतात किंवा घाईघाईनं जुने फोटो पुसतात. माझ्या पाहण्यातली घरं दुसरं करतात. या भानगडीत चार बाय सहाची साधी प्रिंट ही बरी राखीव प्रत ठरते. ती बघायला यंत्र लागत नाही आणि गरज पडली तर तिच्यावरून पुन्हा स्कॅनही करता येतं.

तेव्हा प्रिंट हव्या असणाऱ्या साध्या माणसानं काय वापरावं? फोन किंवा डिजिटल कॅमेरा, यात मला शंका नाही. खर्च कमी, खात्री जास्त, आणि एकाच फोटोच्या नाशिकला, पुण्याला, न्यू जर्सीला तिथल्या तिथे प्रिंट निघू शकतात. फक्त लॅबची खेप ही आता आपोआप घडणारी गोष्ट नाही, ती कोणाच्या तरी गळ्यात घालावी लागते. ज्या घरांत हे काम एकाच्या नावावर असतं, बहुधा एखाद्या मावशीच्या किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या, त्या घरांतले अल्बम अजून भरत आहेत. कार्य आटोपल्यावर आठवड्याच्या आत वीस फोटो निवडले तर निवडले. महिना गेला की त्या साडेतीनशेंवर आणखी साडेतीनशे येऊन पडतात.

फिल्मचं दुकान अगदीच उठलेलं नाही. कोडॅकनं जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, उटीची आपली सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सही बंद पडली, पण रॉचेस्टरला फिल्म अजून बनते आणि तरुण पोरं आजोबांचा याशिका माळ्यावरून काढून रोल शोधत फिरतात. हौस म्हणून ते छानच. पण आज एका रंगीत रोलच्या किमतीत लॅबमधून कित्येक डझन प्रिंट येतात, आणि सी-४१ धुऊन देणारी लॅब बहुतेक गावांत उरलेली नसल्यामुळे रोल कुरिअरनं मोठ्या शहरात पाठवावा लागतो. शिवाय तिथून परत येतात ते पुष्कळदा स्कॅन. प्रिंट वेगळी मागावी लागते.

लहान मुलांच्या वाढदिवसाला हल्ली फुजीचा इन्स्टॅक्स दिसतो. बटण दाबलं की फोटो कागदासकट बाहेर. त्यातल्या मिनी प्रकारात चित्राचा आकार ६२ बाय ४६ मिलिमीटर, एका पाकिटात दहा फोटो, दुसरी कॉपी नाही. दहाच म्हटल्यावर प्रत्येक जण पुन्हा बटणाआधी विचार करू लागतो. २०१७ मध्ये त्याच कंपनीनं याचा एक दुमता प्रकार काढला, एसक्यू-टेन नावाचा. तो आधी फोटो पडद्यावर दाखवतो आणि मग विचारतो, कागदावर काढू का?